उंबऱ्याबाहेरची वाटी

पोतनीसबाई दुपारी पावणेदोनला झोपत आणि सव्वातीनला परत येत. ‘उठले’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘आत्ताच परत आले,’ म्हणत. मग चूळ भरून, पदर सारखा करून, चहाचं आधण ठेवता ठेवता कुठे जाऊन आलो ते सांगायला लागत. ऐकणारा समोर असला तर त्याला, नसला तर मांजराला.

“आज धरमपुरीला गेले होते. शाळा नर्मदेत भरली होती. वर्गात गुडघ्याएवढं पाणी. मुली बाकांवर बसून भागाकार करताहेत आणि एकीचीही पाटी भिजलेली नाही.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी पाट्या तपासल्या. सगळ्यांचा भागाकार चुकलेला.”

सुरुवातीला एकदा मी विचारलं होतं, बाई, याचा अर्थ काय असेल? त्यांनी गाळणी कपावर तशीच धरली आणि माझ्याकडे पाहिलं. “उपयंत्री, तुम्ही दर पंधरा दिवसांनी धारला जाता. त्याचा अर्थ काय, असं कोणी विचारतं का तुम्हांस? गेले होते. आले.”

मी लोकनिर्माण विभागात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, आहे. घर धारला. बदली देवासला झाली तेव्हा टेकरीच्या पायथ्याच्या एका गल्लीत बाईंच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला. खाली त्या एकट्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलं नव्हतं, इंदूरला एक भाचा होता. पूर्वज दरबारात पोतनिशी करत. त्यातलं आता आडनाव तेवढं उरलं होतं, आणि बोलण्यातली काही जुनी वळणं. ‘मजला’, ‘तुम्हांस’, ‘उदईक या’. हीच बाई दारात दूधवाला आला की एका क्षणात माळव्याची होई. “भिया, पानी तो अपने नल में भी आता है. तू दूध लाया कर.” दूधवाला हसायचा. तोही त्यांच्या एका विद्यार्थिनीचा नवरा होता.

अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पोस्टात, बँकेत, दवाखान्यात कुणी ना कुणी बाई खुर्चीवरून उठून उभी राहायची. एकदा मी त्यांच्याबरोबर चौराह्यावर होतो. रस्ता ओलांडायचा होता आणि बाई नेहमीपेक्षा फार हळू चालत होत्या. मधोमध उभ्या असलेल्या महिला पोलिसानं त्यांना ओळखलं, शिट्टी फुंकली आणि दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. “आराम से मैडम, आराम से.”

बाई रस्त्याच्या मध्यावर थांबल्या. “सत्रह का पहाड़ा आता है अब भी?”

“मैडम, अभी?”

“अभी.”

आणि त्या पोलीस बाईनं, हात आडवा धरलेला तसाच ठेवून, सतराचा पाढा म्हटला. सतरा नव्वेपर्यंत आली तोवर बाई सावकाश पलीकडच्या फुटपाथवर पोचल्या होत्या. मोटरसायकलवाले हसत होते. मीही हसलो. घरी आल्यावर त्या भिंतीला हात धरून बसल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना पाढा ऐकायचाच नव्हता. आपल्या दुखऱ्या गुडघ्यासाठी रस्ता थांबला आहे, हे त्यांना कुणालाही दिसू द्यायचं नव्हतं.

मला त्या घरात मांजरानं आणलं असं बाई म्हणत. खरं तर मीच त्याला आणलं होतं.

आमच्या धारच्या घरी एक मांजर होतं. माझ्या मुलीचं, ईशाचं. ईशा इंदूरला शिकायला गेली, होस्टेलमध्ये मांजर चालत नाही. बायकोला दमा, मांजराचे केस उडाले की तिचा श्वास अडकायचा. तेव्हा बदलीच्या निमित्तानं मी ते मांजर वेताच्या टोपलीत घालून बसनं देवासला आणलं. ईशाला सांगितलं, बाबांकडे राहील. वाटेत कुठेतरी सोडून द्यावं असंही मनात येऊन गेलं होतं, हे इथं लिहून टाकतो.

टोपली पाहून बाई दारातच म्हणाल्या, “आमच्याकडे जनावर पाळत नाहीत.”

त्याला कारण होतं. त्यांच्या लहानपणी घरात पोपट होता. सगळं घर नेमावरला नर्मदेच्या स्नानाला गेलं, शेजारचा माणूस दाणा घालायला विसरला, आणि परत आल्यावर पिंजरा उघडून आजी दिवसभर तशीच बसून राहिली. संध्याकाळी तिनं देवापुढे पाणी सोडलं: या घरात पुन्हा जनावर पाळायचं नाही. आजी गेली, आईवडील गेले, पण बाईंनी ते पाळलं होतं.

“वरच राहील,” मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मांजर खाली गेलं आणि परत आलंच नाही. मी आणायला गेलो तर बाई खुर्चीत, मांजर त्यांच्या मांडीवर आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर एक पितळी वाटी, तिच्यात दूधभात.

“बाई, तुमच्याकडे पाळत नाहीत ना?”

“पाळलंय कुठे? जेवण उंबऱ्याबाहेर आहे. जी बाहेर जेवते ती पाहुणी. पाहुणीला झोपायला आत जागा द्यावी लागते, एवढी रीत तुमच्या धारलाही असेल.”

तेव्हापासून तिचं नाव पाहुणी. राखाडी, पांढऱ्या पायांची. वाटी कधी एकदाही उंबऱ्याच्या आत आली नाही. बाकी सगळं आत होतं. दुपारी पावणेदोनला बाई आडव्या झाल्या की ती त्यांच्या उजव्या गुडघ्यावर चढून बसायची, पंजांनी थोडा वेळ कणीक मळल्यासारखं करायची आणि झोपायची. “शेक आहे माझा,” बाई म्हणत. “विजेचं बिल नाही, पिशवी फुटत नाही.” दोघींचे श्वास एका लयीत चालायचे. खिडकीच्या गजांची सावली हळूहळू जमिनीवरून पलंगावर चढायची. कधी साइटवरून लवकर सुटलो आणि दार लोटलेलं असलं तर मी बाहेरच पायरीवर बसून राहत असे. त्या दोघी कुठेतरी गेलेल्या आहेत, आणि हाक मारली तर अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागेल, असं वाटायचं.

मला सुटल्यासारखं झालं होतं. ईशाला फोनवर मांजराचे फोटो पाठवायचो, सुट्टीत ती येऊन त्याला भेटून जायची. ती खूश, बायको खूश, आणि मला दूधभात कालवायला नको.

बाईंचं एकच मागणं होतं, टेकरी. निवृत्तीनंतर रोज सकाळी पायऱ्या चढून वर जायच्या. “देवीला भेटायला जाते, मागायला नाही,” म्हणायच्या. गुडघे झिजत गेले तशी टेकरी अर्ध्यावर आली, मग पंचवीस पायऱ्यांवर, मग खालच्या कमानीपाशी उभं राहून वर बघण्यावर. रोपवे आहे, बसा आणि जा, असं मी सुचवलं तर चिडल्या. “रोपवेनं जाणं म्हणजे मागच्या पानावरून उत्तर उतरवून घेणं. मजला पायांनी जायचंय.”

त्यासाठीच त्या उजवा गुडघा बदलून घ्यायला तयार झाल्या.

इंदूरच्या एका रुग्णालयात ठरलं. भाचा परगावी होता, म्हणून रजा काढून मी बरोबर गेलो. एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. शुगर, ब्लडप्रेशर, दात, त्वचेवर कुठे फोड. मग म्हणाला, “घर में कोई जानवर? कुत्ता, बिल्ली?”

“नहीं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी फाईल धरून बाजूला उभा होतो. माझ्या काळ्या पँटवर गुडघ्यापाशी राखाडी केस चिकटलेले होते. ते मला दिसत होते. डॉक्टरनं वर पाहिलं असतं तर त्यालाही दिसले असते.

मी बोललो नाही. बाईंना आजीचा नेम मोडल्याचं कबूल करायचं नसेल, असं मी मनाला सांगितलं. पण माझं कारण वेगळं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, काही महिने मांजर दुसरीकडे ठेवा. दुसरीकडे म्हणजे माझ्याकडे. टोपली, दूधभात, वाळूचं घमेलं, बायकोचा दमा, ईशाची रडारड. एवढं सगळं त्या तीन-चार सेकंदांत माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी फाईलची नाडी बांधली.

ऑपरेशन उत्तम झालं. बाई घरी आल्या आणि त्यांनी माळ्यावरून शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक काढायला लावला. रोज सकाळी खुर्चीत बसून पाय वाकवायच्या आणि मी कोनमापक गुडघ्याला लावून अंश वाचायचो. “सत्तर.” “नीट बघा.” “बाहत्तर.” “मग बाहत्तर म्हणा. उपयंत्री असे पूल मोजतात म्हणून ते पडतात.” नव्वद आले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. एकशेदहा आले त्या दिवशी त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त कोनमापक धुऊन, पुसून परत माळ्यावर ठेवायला सांगितला.

चार महिन्यांनी आम्ही टेकरीच्या चाळीस पायऱ्या चढलो. त्या मोजत होत्या, मोठ्यानं. चाळीस झाल्यावर म्हणाल्या, “आज इतकंच. घाई केली की चुका होतात.” वरून वारा येत होता, खाली देवासची पांढरी घरं कुणीतरी झटकून वाळत घातल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी दुपारी परत आल्या त्या चहा न ठेवताच बोलायला लागल्या.

“आज टेकरीच खाली आली होती. आपल्या दारापर्यंत पायऱ्या. मी चढले, चढले, वर पोचले, आणि बघते तर काय, वर आपलंच घर. पाहुणी दारात बसलेली. मला म्हणते कशी, चपला बाहेर काढा.”

आठवडाभरानं गल्लीतून एक वरात गेली. उन्हाची वेळ, बाई नुकत्याच आडव्या झालेल्या, पाहुणी गुडघ्यावर. बँडवाल्यांनी खिडकीखालीच फटाक्यांची माळ लावली. मी वरच्या मजल्यावरून धावत खाली आलो तोवर मांजर कपाटाखाली गेलं होतं आणि बाईंच्या नडगीवर, गुडघ्याच्या थोडं खाली, तीन बारीक लाल रेघा उमटल्या होत्या.

“काही नाही झालं,” त्या म्हणाल्या. “घाबरली बिचारी.”

थोड्या वेळानं पाहुणी बाहेर आली, पलंगावर चढली आणि त्या रेघा चाटायला लागली. मी तिला हाकलायला हात उचलला.

“चाटू द्या हो. माफी मागतेय ती.”

मी नंतर टिंक्चर लावलं. “उशिरा आलात,” बाई हसून म्हणाल्या. “तिनं आधीच लावलंय.”

तिसऱ्या दिवशी ताप आला. देवासच्या डॉक्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी गुडघा सुजून चकाकायला लागला आणि हात लावला तर तव्यासारखा. टॅक्सीत घालून इंदूरला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. ते गढूळ होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“मैडम, कहीं गिरीं? दाँत निकलवाया? पेशाब में जलन? कोई घाव?” मग नडगीवरच्या सुकलेल्या रेघांवर बोट ठेवलं. “ये क्या है?”

“गुलाब का काँटा,” बाई म्हणाल्या. तापानं त्यांचे ओठ सुकले होते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “आप इसी घर में रहते हैं?”

“जी, ऊपर.”

“आपने कुछ देखा? कोई जानवर, कुछ?”

“नहीं,” मी म्हणालो.

या वेळी मी गप्प राहिलो नव्हतो. शब्द उच्चारला होता. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्याच कुणाचा असावा इतका साधा, इतका सरळ. आधीच्या गप्प राहण्यावर बसलेलं ते झाकण होतं. आता खरं सांगितलं तर तेव्हा का नाही सांगितलं, हे विचारतील, एवढीच भीती.

तीन दिवस पाण्याच्या तपासणीची वाट पाहण्यात गेले. तोवर नेहमीचं औषध चालू होतं आणि सूज उतरत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. स्टूल ओढून बाईंच्या पलंगाशी बसले.

“मैडम, गुलाब ने नहीं काटा.”

बाई छताकडे पाहत राहिल्या.

“जो कीटाणु निकला है, वो बिल्ली के मुँह में रहता है. खरोंच में लगा, खून में गया, और धातु पर जाकर बैठ गया. धातु में खून नहीं दौड़ता, वहाँ से उसे निकालना मुश्किल.” ते रागावलेले नव्हते, हे अधिक वाईट होतं. “बिल्ली का दोष नहीं है. घर-घर में बिल्ली है. पर जिसके घुटने में धातु हो, उसको खरोंच छुपानी नहीं चाहिए. पहले दिन बता देते तो दवा उसी हिसाब से शुरू करते.”

“एक मेहमान आती है घर पे,” बाई हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्यांदा गुडघा उघडला. आतून धुतला, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलला, धातू ठेवला. टिकला तर ठीक, नाही तर सगळाच काढावा लागेल आणि पाय कायमचा सरळ राहील, असं सांगितलं. सहा आठवडे सलाइनमधून औषध, मग कित्येक महिने गोळ्या. गोळ्यांनी तोंडाची चव गेली. पण धातू राहिला. गुडघा राहिला. फक्त पुरता वाकायचा बंद झाला. लाकडी कोनमापक पुन्हा खाली आला आणि साठावर थांबला. आठवडे गेले, साठ. महिने गेले, साठ. साठ अंशांत पायरी चढता येत नाही, हे सांगायला गणिताच्या बाईंना कुणाची गरज नव्हती. एका सकाळी त्यांनीच तो माझ्या हातातून घेतला आणि समोरच्या घरातल्या मुलीला शाळेसाठी देऊन टाकला.

मांजर ठेवलं तरी चालेल, जखमेपासून लांब ठेवा, हात धुवा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण भाच्यानं ऐकलं नाही. मग मीच त्याच टोपलीत घालून पाहुणीला लोहारद्याला नेलं. तिथं माझ्या ओळखीच्या एका धान्यवाल्याचं गोदाम होतं, उंदीर भरपूर, माणसं भली. बाई बाहेर आल्या नाहीत. मी टोपलीचं झाकण बांधत होतो तेव्हा आतून आवाज आला.

“ती वाटीपण न्या. परक्या वाटीत खाणार नाही ती.”

मी पायरीवरची वाटी उचलली. तळाशी थोडा दूधभात वाळून चिकटला होता.

त्यानंतर मी सव्वातीनला गेलो की बाई म्हणत, “उठले.” एवढंच. चहा होई, वर्तमानपत्रातलं बोलणं होई, दूधवाल्याला टोमणा बसे. पण कुठे जाऊन आल्या ते त्या सांगेनात. मीही विचारलं नाही. लोहारद्याची खबर मात्र दर आठवड्याला द्यावी लागे. “काय म्हणते?” “मजेत आहे. दोन पिल्लं झाली.” “रंग?” “एक राखाडी, एक काळं.” “काळ्याला सांभाळायला सांगा. काळी मांजरं लोक हाकलतात.”

सगळं सांगत होतो, आणि जे सांगायचं ते सांगत नव्हतो. बाईंनी डॉक्टरपुढे ‘नहीं’ म्हटलं ते मी ऐकलं होतं, मी म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. ते आमच्यात उघडंच होतं. त्याबद्दल एकदा मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, “मी बोलले म्हणून तुम्ही बोललात. माझी लाज राखलीत. त्यात काय?” म्हणजे त्यांनी माझ्या खोटेपणाला आपल्यावरची माया समजून ठेवलं होतं. ते मला त्या गुडघ्याहून जड झालं. वर्षभर मी ती माया खाल्ली. चहाबरोबर.

मग धारला परत बदली झाली. सामान आदल्या दिवशी गेलं. दुपारी मी बॅग घेऊन खाली उतरलो तर बाई तयार होत्या. धुतलेलं लुगडं, केस नीट, हातात वॉकर.

“ऑटो कोपऱ्यावरच थांबेल,” मी म्हटलं. “गल्ली खणलीये.”

“तुमच्याच लोकांनी खणलीये ना? मग चला, मी पोचवते तुम्हाला कोपऱ्यापर्यंत.”

“बाई, इतकं लांब...”

“लांब म्हणजे किती? सांगा ना, मोजमाप तुमचं काम.”

त्या निघाल्या. वॉकर पुढे, डावा पाय, मग उजवा, जवळजवळ सरळ, काठीसारखा. गल्लीला थोडा चढ आहे. मला आजवर कळला नव्हता. चिंचेच्या सावलीत आलो तेव्हा त्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि मी सांगितलं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून नव्हे. त्यांच्या बाजूनं चालताना त्या वॉकरचा रबरी आवाज मला सहन झाला नाही.

“बाई, मी तुमची लाज राखायला खोटं नाही बोललो. मला मांजर परत नको होतं. खरं सांगितलं असतं तर ते माझ्या गळ्यात पडलं असतं. म्हणून.”

त्या वॉकरवर वाकून उभ्या होत्या. कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता. उन्हात गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती.

“तुम्हाला ती नको होती?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि मी मेली... तुमची ईशा सुट्टीत यायची, तिला उचलून घ्यायची, मला वाटायचं, आता मागेल, आता मागेल. दुसऱ्याच्या लेकीचं मांजर मी दाबून बसलेय. तुम्हाला वाटतं आजीचा नेम मोडू नये म्हणून मी नाही म्हटलं? आजीचा नेम जगाला सांगायला होता हो. डॉक्टर म्हणाले असते, ज्यांचं आहे त्यांना देऊन टाका, म्हणून मी नाही म्हटलं. दोन्ही वेळा.”

मला चुकीच्या जागी थोडं हसू आलं. “म्हणजे बाई, आपण दोघंही...”

“आपण दोघं म्हणू नका.” त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. वर्गात कुणाची नक्कल सापडली की त्या अशाच पाहत असतील. “मी तिच्यासाठी खोटं बोलले. तुम्ही तुमच्यासाठी बोललात. हे एकाच ओळीत लिहायचं नाही.”

मग पुन्हा वॉकर पुढे गेला. आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. ऑटो उभा होता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, जुन्या शब्दांत, पूर्ण, एकही शब्द न गाळता. रागावलेल्या असल्या तरी त्यात काटछाट करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मी सरळ झालो तेव्हा लक्षात आलं की त्यांचं तोंड रस्त्याकडे आहे आणि घर मागे.

“बाई, वळवून देतो. खड्डा आहे बाजूला.”

“हात लावू नका. जा. बस चुकेल तुमची.”

मी ऑटोत बसलो. त्या वळायला लागल्या. ज्याचा गुडघा नीट वाकत नाही तो एकदम वळू शकत नाही. वॉकर एक वीत तिरका करायचा, मग एक पाय वीतभर, मग दुसरा. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही, पण बघता बघता दुसरीकडे गेलेला असतो, तशा त्या सरकत होत्या. अर्ध्यावर, भिंतीकडे तोंड आलं असताना, थांबल्या. पदरानं कपाळ टिपलं. माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाल्या, “ईशाला म्हणावं, लोहारद्याला जाऊन येत जा. मुलीचं मांजर आहे ते.”

“हो, बाई.”

पुन्हा एक वीत. पुन्हा एक वीत. शेवटी त्यांची पाठ माझ्याकडे झाली, आणि त्या उताराला लागल्या. ऊन इतकं होतं की थोडं अंतर गेल्यावर वॉकर दिसेना, पांढरं लुगडं तेवढं हवेत तरंगत चाललं होतं.

ऑटोवाल्यानं किक मारली. “चलें भिया?”

“रुक,” मी म्हटलं. “मैडम दरवाज़े तक पहुँच जाएँ.”

माझी बस चुकली.